वाहते रक्त आणि पाझरणारे पाणी

पदार्थविज्ञानाच्या तासाला बर्नुलीचा सिद्धान्त शिकवून झाला की एक प्रश्न हमखास येतो. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा वेग जेथे अधिक तेथे त्याचा दाब कमी, हे फळ्यावर नुकतेच सिद्ध झालेले असते. मग एखादा चौकस विद्यार्थी उठून विचारतो : धमनीतून रक्त वेगाने धावते, तेव्हा तिच्या भिंतीवरचा दाब कमी होत असला पाहिजे, मग आतले पाणी भिंतीतून बाहेर पडते, की बाहेरचेच आत ओढले जाते? त्याच्या शेजारचा त्यात भर घालतो : केशवाहिन्यांत रक्त अगदी सावकाश चालते, मग तेथे दाब सर्वांत अधिक का नाही? जीवशास्त्राच्या पुस्तकात तर नेमके उलट लिहिले आहे!

हे प्रश्न हुशारीचे आहेत आणि त्यांची उत्तरे केवळ परीक्षेपुरती नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, लांबच्या प्रवासानंतर सुजणारे पाय, डेंग्यूचा ताप उतरत असतानाच ओढवणारे संकट आणि हृदयविकाराचा झटका, या सर्वांशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून होणाऱ्या पाण्याच्या ये-जेचा जवळचा संबंध आहे. म्हणून आम्ही येथे त्यांचा जरा निवांतपणे विचार करणार आहोत. थोडे गणित येईल. वाचकांनी ते गाळून पुढे जाऊ नये, कारण खरी गंमत त्यातच आहे.

ज्यांच्या नावाने हा सिद्धान्त ओळखला जातो ते दानिएल बर्नुली गणिती म्हणून प्रसिद्ध असले, तरी शिक्षणाने वैद्य होते. बाझेल येथे १७२१ साली त्यांनी श्वसनक्रियेवर प्रबंध लिहून वैद्यकाची पदवी मिळविली होती. नळीच्या भिंतीला भोक पाडून त्यात काचेची बारीक नळी उभी करावयाची आणि तीत द्रव किती उंच चढतो ते पाहून आतला दाब ओळखावयाचा, ही युक्ती त्यांची. त्यांचा ‘हायड्रोडायनॅमिका’ हा ग्रंथ १७३८ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास इंग्लंडातील स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत नळी बसवून उभ्या काचनळीत रक्त किती चढते ते मोजले होते. ते ८ फूट ३ इंच चढले. हा वृत्तान्त १७३३ साली छापला गेला. आज तो वाचताना त्या मुक्या जनावराची कीव आल्यावाचून राहत नाही. परंतु धमनीतील रक्त केवढ्या दाबाखाली असते, हे जगाला आकड्यांत प्रथम कळले ते त्या घोडीमुळे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. भिंतीतून पाणी कोणत्या दिशेने जाईल, हे आतला दाब आणि बाहेरचा दाब यांच्या फरकावर अवलंबून असते. धमनीच्या बाहेरील भागात दाब जवळजवळ शून्य धरावयास हरकत नाही. आत, महाधमनीमध्ये, सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ९५ मिलिमीटरइतका असतो. रक्ताच्या वेगामुळे यातून किती वजा होईल? रक्ताची घनता एका घनमीटरला सुमारे १०६० किलोग्रॅम. विश्रांतीच्या वेळी महाधमनीतील सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३३ सेंटीमीटर. घनतेचा निम्मा घेऊन त्याला वेगाच्या वर्गाने गुणले की सुमारे ५८ पास्कल येतात. पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे १३३ पास्कल. याचा अर्थ वेगाचा वाटा अर्धा मिलिमीटरदेखील भरत नाही! ९५ मधून अर्धा गेला तर उरले किती, हे सांगावयास गणिताचे शिक्षक लागत नाहीत. हृदय आकुंचन पावते त्या क्षणी वेग सेकंदाला एक मीटरपर्यंत जातो. तेव्हाही हा वाटा चार मिलिमीटरच्या आसपासच राहतो. सारांश, निरोगी धमनीत रक्त कितीही लगबगीने धावले, तरी तिच्या भिंतीवर आतून बाहेर असाच जोर असतो. बाहेरचे पाणी आत ओढले जाण्याचा संभव नाही. सिद्धान्त खोटा नाही. येथे त्याला काम फार थोडे आहे, इतकेच.

दुसरा प्रश्न अधिक मार्मिक आहे. बर्नुलीचे समीकरण घर्षण नसलेल्या द्रवापुरते खरे, ही अट फळ्यावर लिहिली जाते आणि बहुधा पहिल्यांदा तीच पुसली जाते. रक्त पाण्यापेक्षा दाट आणि चिकट. बारीक नळ्यांतून जाताना ते घर्षणात आपला दाब खर्चून टाकते. फ्रान्समधील ज्याँ पॉझय हे वैद्य आणि पदार्थविज्ञ १८४० च्या दशकात काचेच्या अतिसूक्ष्म नळ्यांतून द्रव सोडून या खर्चाचा हिशेब मांडीत होते. नळीची त्रिज्या निम्मी केली तर त्याच दाबाने तीतून निम्मा नव्हे, चौथा हिस्साही नव्हे, तर केवळ सोळावा हिस्सा द्रव जातो, असे त्यांच्या नियमावरून निघते. 

ज्यांनी मळ्यात पाणी देताना पाहिले आहे त्यांना पुढची गोष्ट सहज समजेल. विहिरीचे पाणी पाटातून खळाळत येते. पाटातून दंडात, दंडातून वाफ्यात शिरते आणि वाफ्यात संथ होऊन मुरते. पाटाच्या तोंडाशी दारे धरणारा माणूस मातीचा बांध फोडून वा घालून कोणत्या वाफ्याला किती पाणी द्यावयाचे ते ठरवितो. शरीरात हे दारे धरण्याचे काम धमनिका करतात. धमनीच्या टोकाशी असलेल्या या बारीक नळ्यांच्या भिंतीत स्नायूंचे कडे असते. ते आवळले की वाट अरुंद होते, सैल पडले की रुंद. आणि चतुर्थ घाताच्या नियमामुळे थोड्याशा आवळण्यानेही फार मोठा फरक पडतो. दाबाची सर्वांत मोठी घट याच टप्प्यात होते. महाधमनीतून ९५ मिलिमीटर दाबाने निघालेले रक्त केशवाहिनीच्या तोंडाशी पोचते तेव्हा तो सुमारे ३५ उरलेला असतो, आणि तिच्या शेवटी १५ च्या आसपास.

वेग मात्र निराळ्याच कारणाने मंदावतो. महाधमनीच्या तोंडाचे क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटीमीटर; तर साऱ्या केशवाहिन्यांची तोंडे एकत्र धरली तर ते सुमारे अडीच हजार चौरस सेंटीमीटर भरते. तेच रक्त हजारपट रुंद पात्रात पसरले म्हणजे वेग हजार पटींनी कमी होणारच. तो सेकंदाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरवर येतो. एकूण, केशवाहिन्यांत वेगही कमी आणि दाबही कमी, यात विरोध मुळीच नाही. एकाला क्षेत्रफळ कारण आहे आणि दुसऱ्याला घर्षण.

विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले तेव्हा त्यांना या केशवाहिन्या दिसल्या नव्हत्या. धमन्यांतले रक्त शिरांत पोचते कसे, ही कडी मार्चेल्लो माल्पीगी यांनी १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने पाहिली. (जुन्या मराठी पुस्तकांत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणत. आम्हांला ती नावे फार गोड वाटतात. पण आता मुलांना ती सांगावी लागतात.) केशवाहिनीची भिंत म्हणजे पेशींचा एकेरी थर. नव्या माठातून पाणी पाझरावे तसे तीतून पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार, साखर इत्यादी पदार्थ झिरपतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने बहुतांशी आतच राहतात. हा पाझर नसता तर वाहिनीपासून दूर असलेल्या पेशीभोवतीचा द्रव साचलेल्या डबक्यासारखा झाला असता.

मग सारे पाणी गळून का जात नाही? याचे उत्तर लंडनचे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली दिले. रक्तद्रवात असलेली प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, पाण्याला धरून ठेवतात. त्यांचे हे ओढून घेण्याचे बळ पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटरइतके आहे. दाब पाण्याला बाहेर ढकलतो, प्रथिने त्याला आत ओढतात. जे बळ अधिक त्याप्रमाणे पाणी जाते. अमेरिकेतील यूजीन लँडिस यांनी १९२७ मध्ये बेडकाच्या आतड्याच्या पडद्यातील एकेका केशवाहिनीत काचेची अतिसूक्ष्म सुई खुपसून हा दाब प्रत्यक्ष मोजला, आणि स्टार्लिंग यांच्या कल्पनेला प्रयोगाचा आधार मिळाला.

आमच्या पिढीने पुस्तकात जे चित्र पाहिले, त्यात केशवाहिनीच्या आरंभी बाण बाहेर आणि शेवटी बाण आत असे. आरंभी ३५ वजा २५, म्हणून बाहेर. शेवटी १५ वजा २५, म्हणून आत. चित्र देखणे होते आणि पाठ करावयास सोपे. परंतु आता त्यात दुरुस्ती झाली आहे. केशवाहिनीच्या आतील पृष्ठभागावर शर्करा आणि प्रथिने यांची एक अतिशय नाजूक लव असते. गाळणीचे खरे काम ही लव करते आणि प्रथिनांचे ओढबळ तिच्या दोन बाजूंमध्ये मोजावयाचे असते. रॉडनी लेव्हिक आणि चार्ल्स मिशेल या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०१० साली हा सर्व पुरावा एकत्र मांडला. त्याप्रमाणे आतडी, मूत्रपिंड यांसारखे अपवाद सोडले, तर बहुतेक अवयवांत पाणी केशवाहिनीच्या सर्व लांबीतून हळूहळू बाहेरच पडत असते, आणि ते रक्तात परत आणण्याचे काम मुख्यत्वे लसीकावाहिन्यांचे असते. या रीतीने दिवसाकाठी सुमारे ८ लिटर पाणी बाहेर पडते. शरीरातील सगळा रक्तद्रव जेमतेम ३ लिटर. म्हणजे तेवढे पाणी नऊ तासांत एकदा वाहिन्यांबाहेर फेरी मारून येते म्हणा ना! त्या जुन्या चित्राची पुस्तके अजून वापरात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता प्रवाहाचा या पाझरावर परिणाम कसा होतो ते ध्यानात येईल. व्यायामाच्या वेळी स्नायूंतील धमनिका सैल पडतात. दारे उघडली म्हणजे वाफ्यात पाणी चढते, तसा केशवाहिन्यांतील दाब चढतो आणि पाझर वाढतो. कसरत करून आलेल्या मुलांचे दंड काही वेळ टणक आणि फुगलेले दिसतात, त्यात या पाझरलेल्या पाण्याचा मोठा वाटा असतो. उलट, रक्तस्राव झाला तर धमनिका आवळल्या जातात, केशवाहिन्यांतील दाब उतरतो आणि त्या प्रसंगी काही काळ बाहेरचे पाणी खरोखरच रक्तात ओढले जाते. जखमी मनुष्याला शरीराने आपल्याच साठ्यातून दिलेली ही मदत होय.

पायांची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रौढ मनुष्य निश्चल उभा राहिला की हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचे वजन घोट्याजवळच्या शिरांवर पडते आणि तेथील दाब ९० मिलिमीटरच्या घरात जातो. शिरेत दाब तुंबला की मागच्या केशवाहिनीतही तो वाढतो. चालू लागताच पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांतील पडदे ते खाली येऊ देत नाहीत, आणि दाब तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उतरतो. म्हणूनच इंदूरहून किंवा हैदराबादेहून रेल्वेने रात्रभर पाय लोंबते ठेवून आलेल्या पाहुण्यांच्या वहाणा सकाळी घट्ट होतात, आणि दिवसभर घरात वावरल्यावर त्या पुन्हा पायांत येतात. जिराफाचा रक्तदाब माणसाच्या जवळजवळ दुप्पट, आणि पाय तर केवढे लांब! परंतु त्याच्या पायांची कातडी जाड आणि ताठ असते. घट्ट मोज्यासारखी ती बाहेरून दाबून धरते, म्हणून त्याचे पाय सुजत नाहीत.

पायांची सूज बहुधा विश्रांतीने उतरते. डेंग्यूमध्ये जो पाझर होतो तो मात्र प्राणावर बेतू शकतो. या रोगात विषाणूचे एक प्रथिन केशवाहिनीतील त्या नाजूक लवेला इजा करते, असे गेल्या काही वर्षांतील प्रयोगांत दिसून आले आहे. लव विस्कटली की पाण्याबरोबर प्रथिनेही बाहेर जाऊ लागतात. म्हणजे पाणी धरून ठेवणारे बळच निघून जाते. रक्त आटून दाट होते आणि पोटात व छातीत पाणी साठू लागते. विलक्षण गोष्ट अशी की हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असताना घडते, आणि घरची माणसे नेमकी त्याच वेळी निश्चिंत होतात. डॉक्टर दररोज रक्त तपासावयास सांगतात तेव्हा आपले लक्ष प्लेटलेट्सच्या आकड्यावर खिळलेले असते; पण त्याच कागदावर हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो. रक्तात पेशींचे प्रमाण किती, हे तो दाखवितो. तो चढू लागला तर पाणी बाहेर गळत आहे असे समजावे. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण गळून जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. ही गळती साधारण एक-दोन दिवस टिकते आणि मग बाहेरचे पाणी वाहिन्यांत परतू लागते. म्हणून शिरेतून द्यावयाचे पाणी कमी पडूनही चालत नाही आणि अधिक होऊनही चालत नाही. ते मोजूनमापून डॉक्टरांनीच द्यावे लागते.

इतका वेळ आपण केशवाहिन्यांत रेंगाळलो. प्रश्न मुळात धमनीच्या भिंतीचा होता. ती भिंत जाड, तीन थरांची आणि लवचीक तंतूंनी विणलेली असते. तीतूनही पाणी झिरपते, पण किती थोडे! सशाच्या महाधमनीवर केलेल्या मोजमापांत हा वेग सेकंदाला एका सेंटीमीटरच्या काही दशलक्षांश भागांइतका आढळतो. म्हणजे अस्तराच्या एका चौरस सेंटीमीटरमधून दिवसभरात काही थेंब. एवढ्याशा पाझराची दखल कशाला घ्यावी, असे वाटेल. परंतु हे थेंब रिकाम्या हातांनी जात नाहीत. रक्तातील कोलेस्टेरॉलची वाहतूक करणारे एलडीएल नावाचे सूक्ष्म कण त्यांच्या ओढीने भिंतीपर्यंत येतात. निरोगी अस्तर पाण्याला वाट देते आणि या कणांना बहुतांशी अडविते. जे थोडे कण आत शिरतात त्यांतले काही भिंतीत अडकून पडतात, आणि तीस-चाळीस वर्षांत त्यांतून ती चरबीची पुटे उभी राहतात, जी हृदयाची वा मेंदूची धमनी बुजवितात.

येथे प्रवाहाच्या वेगाला खरे काम आहे. मात्र बर्नुलीच्या मार्गाने नव्हे. रक्त पुढे जाताना अस्तराला आपल्या दिशेने किंचित ओढीत जाते. नदीच्या पाण्यात हात धरला असता जी ओढ लागते तीच ही. सरळ धमनीत ती सुमारे एक ते दोन पास्कल असते, तर दाब तेरा हजार पास्कलच्या आसपास. म्हणजे दाबाच्या जवळजवळ दहा हजाराव्या हिश्शाइतकी ही ओढ. एखाद्याच्या पाठीवर धान्याचे पोते दिलेले असावे आणि वर मोरपीस फिरवावे, अशातला हा प्रकार. पण अस्तराच्या पेशींना पोत्यापेक्षा मोरपिसाचीच जाण अधिक तीव्र आहे! सरळ आणि नेमाने वाहणाऱ्या प्रवाहाखाली या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन एका ओळीत बसतात. त्या एकमेकींना घट्ट बिलगून असतात, क्वचितच मरतात आणि क्वचितच विभागतात.

इतकेच नव्हे, तर ओढ लागताच त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करतात. या शोधाची कथा मनोरंजक आहे. न्यूयॉर्कमधील रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर औषधांचे प्रयोग करीत. ज्या औषधाने धमनी सैल पडावयास हवी, त्याने ती कित्येकदा आवळली जाई. अखेर असे लक्षात आले की पट्टी तयार करताना तिचे अस्तर घासले जाऊन निघून जात होते. अस्तर सांभाळून ठेवले की पट्टी सैल पडे. हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला, अस्तरातून निघणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड असल्याचे पुढे ठरले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. हाच वायू भिंतीतून होणाऱ्या पाझरावरही परिणाम करतो. प्रयोगशाळेत वाढविलेल्या अस्तराच्या पेशींवर स्थिर द्रवाऐवजी वाहता द्रव सोडला की काही तासांत त्यांच्यातून झिरपणारे पाणी वाढते, आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होऊ न दिल्यास तशी वाढ होत नाही, असे आढळले आहे. तेव्हा प्रवाह अस्तराला घट्ट करतो हे म्हणणे दीर्घ काळासाठी खरे. अचानक बदललेल्या प्रवाहाचा पहिला परिणाम उलट असू शकतो. निसर्ग आपल्या सोयीसाठी एकाच वाक्यात मावत नाही.

जेथे प्रवाह मंद आहे, वा प्रत्येक ठोक्याबरोबर मागेपुढे हेलकावतो, तेथे चित्र पालटते. पेशी गोलसर आणि दिशाहीन होतात, त्यांच्यात मरणे-जन्मणे वाढते, आणि अशा पेशींच्या कडेला फटी राहून एलडीएलच्या कणांना वाट मिळते. शिवाय, चहा गाळताना चोथा गाळणीवर जमावा तसे पाणी पुढे गेल्यावर हे कण अस्तराशी किंचित दाटतात. जोराचा प्रवाह त्यांना वाहून नेतो, मंद प्रवाह तसेच राहू देतो.

ही गोष्ट सहजासहजी मान्य झालेली नाही. १९६८ साली अमेरिकेतील डोनाल्ड फ्राय यांनी कुत्र्यांच्या महाधमनीत मुद्दाम अडथळा निर्माण करून दाखविले की नेहमीच्या कित्येक पट जोराच्या ओढीने अस्तर खरवडले जाते. साहजिकच, रोग जोराच्या प्रवाहाने होतो असा तर्क निघाला. पुढच्याच वर्षी लंडनमधील कोलिन कॅरो आणि त्यांचे सहकारी यांनी मृत व्यक्तींच्या धमन्या तपासून नेमके उलटे मांडले : चरबीचे पहिले डाग ओढ जेथे कमी, तेथे पडतात. पुढील संशोधनाने कॅरो यांचा पक्ष बळकट केला. १९८५ साली शिकागोच्या एका शास्त्रज्ञगटाने मानेतील धमनीचा बारकाईने अभ्यास करून दाखविले की ती जेथे दुभंगते तेथील फुगीर भागाच्या बाहेरच्या भिंतीवर, जेथे प्रवाह मंद आणि हेलकावता असतो, तेथेच पुटे सर्वांत जाड असतात. नदीच्या वळणाच्या आतील काठाला गाळ साचतो, हे चित्र येथे चटकन डोळ्यांपुढे येते. पण ते फसवे आहे. कोलेस्टेरॉल गाळासारखे भिंतीवर येऊन बसत नाही. ते अस्तराखाली, भिंतीच्या आत शिरते. आणि वळणे व फाटे तर जन्मतः सर्वांच्याच धमन्यांत असतात. रोग केव्हा व किती होईल हे रक्तातील एलडीएल, धूम्रपान, मधुमेह आणि दाब यांवर ठरते; कोठे होईल हे पुष्कळसे प्रवाह ठरवितो.

दाबाचा वाटा किती, याचा एक लखलखीत पुरावा शस्त्रक्रियेने पुरविला आहे. शिरांमधून तेच रक्त, तेच कोलेस्टेरॉल आयुष्यभर वाहते. पण दाब अल्प असतो, आणि शिरांत अशी पुटे सहसा चढत नाहीत. क्लीव्हलंड येथे १९६७ साली रेने फावालोरो यांनी पायातील शीर काढून ती हृदयाच्या बुजलेल्या धमनीला वळसा घालण्यासाठी जोडली, आणि बायपास शस्त्रक्रियेचा हा प्रकार जगभर रूढ झाला. असंख्य लोकांना तिने जीवदान दिले. मात्र पायात पन्नास वर्षे स्वच्छ राहिलेली तीच शीर धमनीच्या जागी, धमनीच्या दाबाखाली ठेवली की काही वर्षांत जाड होऊ लागते आणि तिच्यातही पुटे धरतात. बायपास झाल्यानंतरही आजोबांना कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची गोळी रोज का घ्यावी लागते, हे नातवंडे विचारतात. त्याचे उत्तर या शिरेत आहे.

आणि बर्नुली? पुट वाढून वा झडप ताठरून वाट फार अरुंद झाली की तेथे रक्ताचा वेग सेकंदाला चार मीटरपर्यंतही जातो. वेगाचा वर्ग करून त्याला चाराने गुणावे, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाबाची घट मिळते. सोळा चोक चौसष्ट. इकोच्या यंत्रापुढे बसलेले डॉक्टर अरुंद झालेल्या झडपेची तीव्रता याच सूत्राने आजही ठरवितात, छातीला टाकाही न घालता. अरुंद जागेतून सुटलेला हा झोत पुढच्या रुंद भागात शिरतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना भोवरे उठतात. भोवऱ्यांखालच्या भिंतीवर ओढ पुन्हा क्षीण आणि उलटसुलट होते, तेथील अस्तराच्या पेशी आपली ओळ सोडतात, आणि पुटाची पुढची कड बहुधा याच बाजूला सरकत जाते.